दत्तारामने भरदुपारी दार लावलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी चार वर्षं कथा लिहितोय. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते, म्हणून १९८२ च्या संपावर एक कथा लिहिली. दत्ताराम संपात घरी बसलेला, बायको सुमनशी त्याचं कडाक्याचं भांडण होतं आणि तो त्याच रात्री कोकणात गावी निघून जातो. पहिला खर्डा वाचून मित्र म्हणाले, माणसं खरी वाटतात, पण ही कथा कुठेही घडू शकते. म्हणून सुरुवातीला दीड पान चाळीचं वर्णन घातलं, तर म्हणाले, आता रेंगाळते. स्थळ-काळाला इतकं महत्त्व खरंच असतं का? की जगनिर्मिती ही राजे-राक्षसांच्या आणि परग्रहांच्या कादंबऱ्यांपुरतीच गोष्ट आहे? कथा सोबत जोडली आहे."

तुमची कथा मी दोनदा वाचली आणि मित्रांचे दोन्ही अभिप्राय मला पटले. पहिल्या खर्ड्यात जागा नव्हती. दुसऱ्यात ती आली, पण ठिगळासारखी. त्या दीड पानात लाकडी जिना आहे, रंग उडालेल्या भिंती आहेत, कठड्यावर वाळणारे कपडे आहेत, मसाल्याचा वास आहे. यातलं काहीच खोटं नाही. पण ते दीड पान फाडून टाकलं तर दत्ताराम आणि सुमनच्या भांडणात एक शब्दही बदलत नाही. मी तीसेक वर्षं कथा-कादंबऱ्या लिहिते आहे, त्यातली बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी इतरांच्या कथा वाचते आहे. हाती आलेल्या प्रत्येक कथेला मी एक प्रश्न विचारते. हे कुटुंब उचलून नाशिकच्या एखाद्या बंगल्यात ठेवलं तर काय बदलेल? काहीच बदलत नसेल, तर कथा अजून त्या जागी पोचलेलीच नाही.

तुमच्या चौथ्या पानावर हे वाक्य आहे: "दत्तारामने दार लावून घेतलं आणि तो सुमनवर ओरडला." वेळ दुपारची. मी तिथेच थांबले. गिरणगावातल्या चाळीत दिवसा दार लावायचं? सकाळी उघडलेलं दार रात्री निजताना लागायचं. मधल्या वेळात उंबऱ्यावर फार तर एक पडदा. शेजारची बाई वाटी घेऊन साखर मागायला येणार, कुणाचं तरी पोर तुमच्याकडे जेवून जाणार, गॅलरीतून येणारा-जाणारा आत डोकावणार. अशा ठिकाणी भरदुपारी दार लागलं, तर आत काहीतरी झालंय हे अख्ख्या मजल्याला न सांगता कळतं. म्हणजे दत्ताराम भांडण लपवायला दार लावतो आणि नेमका त्यामुळेच ते जाहीर होतं. तुम्ही वाक्याचा पहिला अर्धा भाग सहज लिहून पुढे गेलात. खरं तर कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग तोच आहे. दार लागल्यावर सुमन काय करेल? माझ्या मते ती आधी दार उघडेल आणि मग बोलेल. किंवा बोलणारच नाही, भांडी जरा जोरात ठेवेल.

दुसरी गोष्ट. तुमचा दत्ताराम वीस वर्षं साच्यावर उभा आहे. शेकडो साचे एका छपराखाली चालत तेव्हा साचेखात्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. कामगार ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून अनेकांचे कान गेले. असा माणूस घरीही मोठ्यानेच बोलतो, त्याला ते मोठं आहे हे कळतही नाही. आता या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा. भांडण दबक्या आवाजात करावं लागतं अशी जागा, आणि दबक्या आवाजात बोलताच येत नाही असा माणूस. सुमन कुजबुजते, त्याला ऐकू जात नाही, तो "काय?" म्हणून ओरडतो आणि गॅलरीतली पोरं खेळायची थांबतात. त्याला राग नसतानाही तो रागावलेला वाटतो. तुम्ही दत्तारामला "तापट" म्हटलं आहे. कदाचित तो तापट नसेलच, साच्यांनी त्याला तसा आवाज दिला असेल.

जागा म्हणताना मला एवढंच अभिप्रेत असतं. या ठिकाणी या माणसाला काय करता येतं आणि काय करता येत नाही, कशाला किती वेळ लागतो, कशाला किती पैसे पडतात, आणि कोण बघत असतं. भिंतींचा रंग त्यानंतर.

आता काळ. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, डॉ. दत्ता सामंत नेते होते. हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलंत आणि मग काळ विसरलात. तारीख लिहिली म्हणून काळ उभा राहत नाही. गिरणगावाचं घड्याळ तीन पाळ्यांवर चालायचं: सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. बायकांच्या चुली, पोरांचे अभ्यास, झोपा, सगळं भोंग्याला बांधलेलं. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा, बायको, तीन पोरं, गावाहून आलेला दीर आणि मेहुणा राहू शकायचे, कारण ते सगळे एका वेळी घरात नसायचे. एक झोपेतून उठायचा तेव्हा दुसरा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. एकट्या पुरुषांच्या गाळ्यांत तर याच हिशेबावर दहा-पंधरा माणसं मावायची.

मग संप झाला आणि सगळे पुरुष एकाच वेळी घरी आले.

तुमच्या कथेचा गाभा मला इथे दिसतो. दत्ताराम आणि सुमन यांचं लग्न त्या खोलीत पंधरा वर्षं टिकलं ते पाळ्यांच्या जोरावर. दोघांना सलग अख्खा दिवस एकत्र काढायची सवयच नाही. दुपारी तीनला, इतकी वर्षं ज्या वेळी तो डबा घेऊन जिना उतरायचा, त्या वेळी तो खोलीच्या मधोमध बसलेला आहे आणि सुमनला केर काढायचा आहे. भांडण पैशांवरून सुरू होतं असं तुम्ही लिहिलं आहे. होतही असेल. पण ते केरसुणीवरून सुरू झालं तर वाचकाला पैसे न सांगता कळतील.

असाच एक धागा खानावळीचा. एकटे कामगार खानावळवाल्या बाईकडे जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते करायचे. या बायका उधारीवर सामान भरायच्या, बहुतेकींच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज असायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना एकत्र करून. आता विचार करा, संपात पगार थांबला की खानावळवालीचं काय होईल? तिची माणसं तिची रोजची माणसं आहेत, त्यांना जेवायला वाढायचं नाही असं ती कुठल्या दिवशी ठरवेल? तुमच्या कथेत "खालच्या मजल्यावरची पारूबाई" एका ओळीत येऊन जाते, "तिची खानावळ होती" एवढंच. त्या ओळीत एक पूर्ण दुसरी कथा झोपली आहे. या कथेत ती उलगडू नका. पण दत्तारामने पारूबाईच्या दारावरून जाताना मान खाली घातली, एवढं तरी येऊ द्या. तुमच्या कथेतला त्याचा भाऊ तिच्याकडेच जेवत होता ना?

माझ्या मनात बरीच वर्षं घर करून बसलेली एक वस्तू आहे, ती तुमच्याच कथेत शोभेल म्हणून सांगते. धोटा. तुम्ही दोनदा "धोटा" लिहिलंय आणि दोन्ही वेळा तो नुसता "खटाखट धावतो". धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा, हातभर लांब लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना धातूची टोपणं, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. ते कसं काढायचे माहीत आहे? छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सुताबरोबर कापसाची भुकटीही ओढली जायची. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्या माणसाच्या तोंडी.

आणि म्हणूनच मुंबईच्या गिरण्यांत साचेखातं, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. या जातींच्या कामगारांना कमी पैशांच्या खात्यांत ठेवलं जायचं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. एका छिद्रातून ओढलेल्या श्वासात जात आहे, पगार आहे, छातीचं दुखणं आहे आणि कामगारांची एकजूट कुठवर पोचत होती तेही आहे. तुमची कथा त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी घडते. पण तुम्ही लिहिलं आहे की दत्तारामचे वडीलही साचेवालेच होते. म्हणजे ही गोष्ट त्या घरात कधी ना कधी बोलली गेली असणार, किंवा ठरवून बोलली गेली नसणार. यातलं कुठलं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. कथेत त्याचा उच्चार झाला नाही तरी चालेल. तुम्हाला माहीत असेल तर दत्तारामच्या शेजारच्या खोलीत कोण राहतं आणि कोण राहू शकत नाही, हे आपोआप बरोबर येईल.

हे सगळं मी आधीच जाणून होते असं समजू नका. माझी पहिली कादंबरी कोकणातली. आषाढातल्या एका दुपारी माझी नायिका माजघराच्या खिडकीत बसून पाऊस बघते आणि तिला जुनं काहीबाही आठवतं, असं एक सहा पानी प्रकरण मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं. पाऊस चांगला उतरला होता, सगळ्यांनी कौतुक केलं. मग राजापूरकडच्या एका वयस्क वाचक बाईंचं पत्र आलं. त्यांनी विचारलं होतं: "आषाढात लावणी चालू असताना तुमची नायिका घरात कशी?" बस. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला, चिखलणीला, लावणीला घरातलं प्रत्येक हात-पाय शेतात लागतं. म्हाताऱ्या माणसांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळी इरली घेऊन कमरेत वाकलेली असतात. त्या दिवसांत खिडकीत बसलेली धडधाकट बाई एक तर आजारी आहे, नाही तर घराने तिला वाळीत टाकलं आहे. मी पाऊस पाहिला होता, पाऊस आल्यावर माणसं काय करतात ते पाहिलं नव्हतं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. दुसऱ्या आवृत्तीत मी ते प्रकरण काढलं आणि तीच आठवण नायिकेला चिखलात उभी केली, तरव्याची मूठ हातात असताना. सहा पानांची दीड झाली, आणि कादंबरीतली मला आवडणारी हीच दीड पानं.

किती वर्णन करायचं, हा तुमच्या पत्रात दडलेला प्रश्न. पानांचं माप नाही देता येत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत शिजलेलं हवं. माणूस काहीतरी करत असताना, त्याला काहीतरी हवं असताना जेवढी जागा आड येते किंवा मदतीला येते, तेवढी लिहा. तुमच्या दीड पानाच्या जागी मी काय ठेवलं असतं ते लिहून दाखवते. तुमची सुमन घेते आहे, रागावू नका:

"पाणी पहाटे पावणेपाचला यायचं. सुमनने साडेचारलाच कळशी रांगेत लावली. गॅलरीत संपाआधीच्या दुसऱ्या पाळीची, अजूनही सवयीने मध्यरात्रीनंतर आडवी होणारी माणसं झोपलेली, त्यांच्या पायांवरून ती पाय उचलून आली होती. रडायचं होतं ते रात्रीपासून राहिलं होतं. खोलीत सातजण, जिन्यावर म्हातारा खोकत बसलेला. नळ सुटला. रिकाम्या पितळेत पाण्याची धार पडली की मोठा आवाज होतो, मग कळशी भरत जाते तसा तो बारीक होतो. सुमनने नळाकडे तोंड केलं. एक कळशी भरेपर्यंतचा वेळ तिला पुरला."

यात चाळ किती जुनी, भिंतीचा रंग कोणता, काही नाही. पण वाचकाला खोलीतली गर्दी कळते, पाण्याची वेळ कळते, आणि या बाईला रडायला जगात एवढीच जागा आहे हेही कळतं. नळावरच्या त्या अर्ध्या मिनिटासाठी मला बाकीची चाळ डोक्यात पूर्ण उभी करावी लागली: नळ किती, रांग कशी लागते, कोण कुठे झोपतं. त्यातलं बहुतेक कागदावर आलं नाही.

ही माहिती आणायची कुठून? आजच्या लालबाग-परळात फिरून थोडीच मिळेल. चाळींच्या जागी मनोरे आले, फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तरी जुन्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत तासभर बसून या, कुठून काय ऐकू येतं ते कान देऊन ऐका. त्याहून महत्त्वाचं, माणसांना विचारा. "तेव्हा कसं होतं हो?" असं विचारलंत तर "फार कष्टाचे दिवस" असं उत्तर येईल आणि ते तुमच्या काही कामाचं नाही. पाणी किती वाजता यायचं? पाहुणे आले तर झोपायचे कुठे? नवीन लग्न झालेलं जोडपं बोलायचं कुठे? भांडण झालं की तुम्ही खोलीतून उठून कुठे जायचात? असे बारके प्रश्न विचारा. आजोबांना गिरणीचं विचारा, घराचं आजीला किंवा आत्याला विचारा. घर त्यांनी चालवलं.

राहिला शेवटचा प्रश्न, जगनिर्मिती ही अद्भुत कादंबऱ्यांपुरती का. अद्भुत लिहिणाऱ्याला जग कोऱ्या पाटीवर उभं करावं लागतं म्हणून ते डोळ्यांत भरतं, काम मात्र तेच. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच काल्पनिक राज्यांत राजवाड्याचे सतरा बुरूज असतात, पण राज्याला धान्य कुठून येतं हे लेखकाला ठाऊक नसतं. समजा तुमच्या राज्यात पाऊस बारा वर्षांतून एकदाच पडतो. मग नकाशा काढू नका. आधी सांगा, तिथे कर्ज किती मुदतीचं देतात? लग्नात मुलीला काय देतात? पाऊस न पाहता मेलेल्या पोरासाठी तिथे वेगळा शब्द आहे का? ऐतिहासिक कथेतही तसंच. शिवकाळातला हेर "पाच मिनिटांत येतो" म्हणाला की सगळा काळ कोसळतो. तो घटका मोजतो, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे त्याची घाईसुद्धा आपल्यापेक्षा वेगळ्या मापाची. शेतकऱ्याच्या कथेत जून-जुलै नसतात, मृग आणि आर्द्रा असतात. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणणारा माणूस ऑक्टोबरकडे आपल्यासारखं बघत नाही. माणूस उपमा कशाच्या देतो, तेही त्याच्या जगातूनच येतं. तुमचा दत्ताराम एका ठिकाणी म्हणतो, "आयुष्य म्हणजे बुद्धिबळाचा डाव." साच्यावर उभा राहिलेला माणूस तुटलेल्या धाग्याचं बोलेल. आणि खरं तर तो आयुष्यावर बोलणारच नाही.

आता तुमचा शेवट. "त्याच रात्री तो गावी निघून गेला." कसा? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, म्हणजे अजून सोळा वर्षं आहेत. भाऊच्या धक्क्यावरची बोट पावसाळ्यात बंद, आणि तुमची कथा जुलैतली. राहिली एसटी, रात्रभराची, घाटातून. तिकीट लागणार. सहा महिने पगार नाही, वाण्याची उधारी थांबली आहे, पारूबाईचे पैसे बाकी आहेत, हे तुम्हीच आधी लिहिलंय. मग तिकिटाचे पैसे आले कुठून? तुम्ही हा प्रश्न विचारला नाहीत म्हणून शेवट तुम्हाला सोपा गेला आणि वाचकाला हलका वाटला. मंगळसूत्र आधीच गेलं असं तिसऱ्या पानावर आहे. घरात विकण्यासारखं किंवा गहाण टाकण्यासारखं उरलं काय असेल?

पितळेची कळशी असेल.

सुमनला न विचारता तो ती उचलतो की सुमन स्वतः त्याच्या हातात देते, हे तुम्ही ठरवायचं. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण कथा तुमची. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला ती प्लास्टिकची बादली घेऊन रांगेत उभी असेल. प्लास्टिकमध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज बुटका असतो, त्याच्याआड काही लपत नाही. घरी दोन्ही भरून बघा, ऐका, आणि मग तो प्रसंग लिहा. नवा खर्डा झाला की पाठवा, मला वाचायचा आहे.